यंदा सवारी नाही

‘मध्ययुगाच्या अखेरीस माणूस...’ इथवर बोलले आणि पुढचं वाक्य मला आठवेना. नववीचा हा धडा मी इतकी वर्षं शिकवतेय की झोपेतून उठवून विचारलं तरी घडाघडा म्हणून दाखवीन. मध्ययुगाच्या अखेरीस माणूस विचारांच्या केंद्रस्थानी आला, परलोकापेक्षा इहलोकाकडे बघू लागला, स्वतःच्या बुद्धीवर विश्वास ठेवू लागला. याला मानवतावाद म्हणतात आणि तो तीन गुणांना येतो. पण त्या दिवशी ‘माणूस’ म्हटलं आणि जीभ तिथंच अडली. हातात खडू तसाच. बिदरमधल्या आमच्या मराठी शाळेत आता वर्ग अर्धे रिकामे असतात, त्यामुळे शांतता झाली की ती भिंतीपर्यंत जाते. पोरं वर बघायला लागली. पहिल्या बाकावरच्या रेणुकानं तर आपलाच काहीतरी गुन्हा झाला असं तोंड केलं, कारण मघाशी मध्येच प्रश्न तिनंच विचारला होता. ‘मॅडम, मध्ययुग संपलं हे तिथल्या लोकांना कसं कळलं?’ पोरं हसली, मीही हसले. मी म्हटलं, ‘अगं, त्यांना नाही कळत. मागाहून लिहिणारे लिहितात.’ उत्तर काही वाईट नव्हतं. मला स्वतःला ते आवडलंही होतं. आणि तेवढ्यात टेबलावरच्या पर्समध्ये फोन थरथरला आणि वर्गात फोन बघायचा नाही हा माझाच नियम मोडून मी तो बघितला. धाकट्या भावाचा, माउलीचा निरोप होता. ‘अक्का, यंदा सवारी न्हाई. मायला सांगू नको.’

तो वाचून धड्याकडं वळले होते आणि ‘माणूस’पाशी अडले होते. पोरांना धडा वाचत बसायला सांगितलं आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. भालकी तालुक्यातलं मेहकर हे आमचं गाव. शेतकऱ्यांचं गाव, मुसलमानांचं घर म्हणाल तर एकच, मौलासाबचं. तरी मोहरम आमच्या गावाचा सगळ्यात मोठा सण. मौलासाब आशूरखान्याची, म्हणजे पीराच्या घराची, झाडलोट करायचा, पेटीतला चांदीचा पंजा काढून बांबूला बसवायचा, त्याला रंगीत कपडे चढवायचा, ऊद घालायचा. हाच आमचा पीर, आणि दहाव्या दिवशी तो उचलून गावभर फिरवायचा मान आमच्या घराचा. आज्याच्या आधीपासून. कुणी दिला, का दिला, कुणी विचारलं नाही. आमचे आप्पा, ग्यानबा, पीर उचलायचे, पुढं हलगी, मागं सगळं गाव, आणि घरोघरच्या बायका दारात तांब्या घेऊन उभ्या. पीर दारात आला की उचलणाऱ्याच्या पायांवर पाणी घालायचं. सवारी म्हणतात ती ही. त्यातही एक रीत अशी की वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं असेल त्या दारात सवारी थांबायची, हलगी बंद व्हायची आणि पीर त्या उंबऱ्यापुढं वाकायचा. पार खाली. बाकी कुणाच्या दारात पीर वाकत नाही, पाटलाच्या नाही की मौलासाबच्या नाही. तो फक्त गेलेल्याच्या दारात वाकायचा, आणि मग त्या घरातल्या बायका मोकळेपणानं रडायच्या आणि सगळं गाव त्यांच्यासाठी थांबून राहायचं.

गेल्या मोहरमात पीर आप्पांनीच उचलला. थंडीत आप्पा गेले. शेतातून आले, ओसरीवर टेकले, म्हणाले, ‘सोजरा, पानी दे,’ आणि माय तांब्या भरून आणेपर्यंत गेलेसुद्धा. माय तांब्या धरून तशीच उभी राहिली. सगळे येईपर्यंत उभी होती, तांब्या कुणाला घेऊ दिला नाही. आणि रडली नाही. तिसऱ्याला नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला पाहुण्या बायका गळ्यात पडून रडल्या तेव्हाही ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली, जणू गेलं ते त्यांचंच कुणी. मी तिला बिदरला घेऊन आले. आमचे हे कलबुर्गीला नोकरीला, शनिवारी येतात, घरात मी एकटीच, तिलाही सोबत आणि मलाही. एकदा मी न राहवून म्हटलं, माय, एकदा रडून घे गं, मन हलकं होईल. ती गव्हातले खडे काढत होती. मान वर न करता म्हणाली, ‘पीर येऊ दे की दारात. आताच कामून?’ म्हणजे ती वाट बघत होती. एवढे महिने. तिच्या हिशेबानं आप्पा अजून पुरते गेलेलेच नव्हते. दारात पीर वाकेल आणि मग जातील. आणि आता सवारी नाही.

शाळा सुटल्यावर मी नेहमीची वाट सोडून जुन्या मदरशावरून गेले. घरी लवकर पोचायचं नव्हतं म्हणून, दुसरं काही नाही. मदरशाचा अर्धा भाग पडलेला आहे, उरलेल्या मनोऱ्यावर निळ्या फरशीचे तुकडे अजून चिकटून आहेत. दर वर्षी पोरांना इथं आणते आणि सांगते, तिकडं युरोपात पुनरुज्जीवन चाललं होतं त्याच शतकात इथं एका वजिरानं लांबलांबून पुस्तकं आणि माणसं गोळा केली, आणि पुढं त्याच्याच सुलतानानं त्याला मारून टाकलं. पोरांना पुस्तकांपेक्षा मारून टाकल्याचं जास्त आवडतं. मी पायरीवर बसले. दोन बायका डबा खात होत्या, कन्नडमध्ये सुनेची तक्रार चालली होती. माझ्या डोक्यात रेणुकाचा प्रश्न. मी तिला किती शहाणपणानं सांगितलं, त्यांना कळत नाही म्हणून! कळत असणार. त्या काळी तिकडच्या कुठल्यातरी गावात कुणी बाई नेमानं काहीतरी करत आली असेल, विहिरीवर दिवा लावत असेल, कुठल्या संताच्या दगडाला दूध घालत असेल, आणि एक दिवस तिच्या लेकानं येऊन सांगितलं असेल की आता हे बंद. तिला कळलंच असेल की काहीतरी संपलं. फक्त तिला कुणी विचारलं नाही. लिहिणाऱ्यांनी लिहिलं की माणूस केंद्रस्थानी आला. मला स्वतःचाच राग आला. मग भूकही लागली, आणि राग आला असताना भूक लागते याचाही राग आला.

घरी आले तर स्वयंपाकघरात गुळाचा वास. माय खाली बसून चपात्या कुस्करत होती. मलिद्याची रंगीत तालीमच म्हणायची. ‘दाताला लागायलाय का बघ,’ म्हणून तिनं एक घास माझ्या हातावर ठेवला. ‘तुमच्या बिदरचा गूळ कसला गं, पांढराफट. पीराला काळा गूळ लागतो. भालकीत उतरल्यावर घेऊ.’ मी घास तोंडात टाकला आणि गिळता येईना. ‘काय झालं?’ ती म्हणाली. ‘काही नाही, गरम आहे.’ कुस्करलेली चपाती गरम कशी असेल? पण मायनं परात पुढं ओढली आणि पुन्हा कुस्करायला लागली. तिनं पिशवी आधीच भरून ठेवली होती. वर तो तांब्या, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला. गावाहून येताना ती कपडे विसरली होती पण तो तांब्या आणला होता, आणि इथं त्याला कुणाला हात लावू देत नव्हती. पाणीही प्यायची नाही त्यातून. पितळेचा साधा, एका बाजूला पोचा आलेला. मी त्या पिशवीकडं बघत राहिले. सांगावं, आत्ता सांगावं, असं मनात दहादा आलं असेल. बाहेर भाजीवाला ओरडत होता, कुकर व्हायचा होता, आणि मला वाटलं कुकर होऊ दे, मग सांगू. कुकर झाला. मग वाटलं जेवू दे.

संध्याकाळी वाळलेले कपडे काढायच्या निमित्तानं गच्चीवर जाऊन माउलीला फोन लावला. ‘काय झालं रे गावात?’

‘काई झालं न्हाई अक्का. बैठक झाली.’ त्याच्या मागं म्हैस ओरडत होती. ‘आपल्यातली पोरं म्हनली, त्येंचं आपन कामून उचलायचं? अन् मौलासाबची पोरं आल्ती हैद्राबादहून. ती म्हनली, हे आमच्या धर्मात बसतच न्हाई, तुमी बी उचलू नका, आमी बी करनार न्हाई. दोघायचं बी एकमत झालं. चहा पिऊन उठले समदे.’

‘भांडण झालं नाही?’

‘कशाचं भांडन? उलट गळ्यात हात घालून फोटो काढले की.’

मला भांडण व्हायला हवं होतं. भांडण झालं असतं तर कुणीतरी दोषी ठरलं असतं, कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या, उद्या परवा समजूतही घालता आली असती. पण हे असं! पुस्तकात हाही धडा आहे, याच्या पुढचाच. आपला धर्म शुद्ध व्हावा म्हणून लोक पुढं आले, त्याला धर्मसुधारणा म्हणतात, चार गुण. दोघांनी आपापलं धान्य निवडून नेलं आणि माझी माय सुपात खड्यासारखी राहिली. ‘आणि तू काय म्हणालास?’ मी विचारलं. त्यानं आधी म्हशीला दटावलं. मग म्हणाला, ‘मी काय म्हनू? उचलायला मी उचलतो अक्का. मान आपला हाय. पन म्होरं हलगी न्हाई, मागं मानसं न्हाईत, मौलासाब ऊद घालायला न्हाई. एकटाच पीर घेऊन गल्लीनं फिरू का? येड लागलंय म्हनतील.’

‘माय दारात बसणार आहे, माउली.’

‘ते म्हाईत हाय मला!’ तो एकदम चिडून बोलला. ‘म्हनून तर तुला सांगलो, तिला आनू नको. पाय सुजलाय म्हन, बस बंद हाय म्हन, काई बी म्हन. तू मास्तरीन हायस, तुला बोलता येतंय.’ आणि त्यानं फोन ठेवला.

माउली वाईट नाही. हे मला स्वतःला सांगावं लागलं, त्या गच्चीवर, हातात अजून ओलसरच राहिलेली चादर धरून. त्याच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, मी मुलगी तेवढी कुणाला नवस न करता आपली आपण जगले. मग मायनं पीराला नवस केला आणि माउली झाला. नवसाचं पोर म्हणून दर मोहरमाला त्याला दहा दिवस फकीर करायचे. गळ्यात लाल-पिवळा नाडा, कपाळाला उदाची राख, हातात झोळी, आणि तो गल्लीतल्या घरोघर जाऊन गूळ मागायचा. लिंगायताच्या दारात कन्नडमध्ये, मौलासाबच्या दारात दखनीत आणि आमच्याच दारात येऊन आमच्याच मायला ‘फकिराला वाढा वो माय’ असं म्हणायचा, आणि माय ओळख न दाखवता वाढायची. मला फार हेवा वाटायचा. मी एकदा चोरून त्याचा नाडा गळ्यात घातला तर मायनं पाठीत धपाटा घातला, म्हणाली, ‘त्यो पीराचा हाय, तू माझी हायस.’ शाळेत पोरांनी चिडवल्यावर त्यानं एका वर्षी नाडा काढून विहिरीत टाकला. त्या वर्षी सवारी आमच्या दारात आल्यावर आप्पांनी माउलीकडं बघितलं नाही. पण पीर उचलल्यावर आप्पा कुणाकडंच बघायचे नाहीत. एरवी मोठे तापट माणूस, समोरच्या घरातल्या बसवंतप्पाशी बांधावरून त्यांची कायम कोर्टकचेरी. एका उन्हाळ्यात तर कुऱ्हाडी निघायच्या राहिल्या. त्याच वर्षी बसवंतप्पाची लेक बाळंतपणात गेली. तिची आई ईरम्मा वेड्यासारखी झाली, जेवायची नाही, बोलायची नाही. मोहरमात सवारी आमच्या गल्लीत त्यांच्या दाराकडं वळली तेव्हा लोक एकमेकांकडं बघायला लागले, ग्यानबा थांबतो का नाही. आप्पा थांबले. हलगी बंद झाली. आणि आप्पा वाकायला लागले, हळूहळू, गुडघे थरथरत होते, पंजाचा कपडा ईरम्माच्या उंबऱ्यावर टेकला तरी आणखी खाली, शेवटी कपाळच टेकलं. ईरम्मानं त्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि मग ती जी रडायला लागली! बसवंतप्पा दाराआड उभा राहून रडत होता. दुसऱ्या दिवशी बांधाचं भांडण पुन्हा सुरू, तो भाग वेगळा. मी तेव्हा शाळकरी होते. मी आप्पांना विचारलं, कुणाच्या दारात वाकायचं हे तुम्हाला लक्षात कसं राहतं? आप्पा बिडी ओढत होते. म्हणाले, ‘लक्षात कशाला ठेवायचं? पीर जड व्हतो. तसलं दार आलं की लई जड व्हतो. वाकावंच लागतंय.’ पुढं बी.ए.ला गेल्यावर मला याचं हसू यायचं. चांदीचा पत्रा आणि बांबू, त्याचं वजन कसं बदलेल? आता मला वाटतं की मी आयुष्यभर जे शिकवत आले ते आप्पांना बांबूच्या टोकाशी कळत होतं. माणूस म्हणजे काय हे त्यांना तीन गुणांपुरतंही लिहिता आलं नसतं.

मी मायला सांगितलं नाही. हे धैर्य नव्हतं की युक्ती नव्हती, निव्वळ सांगता आलं नाही. दहाव्या दिवशी सकाळी आम्ही बिदरच्या स्टँडवर भालकीची बस धरली. माय खिडकीशी, मांडीवर पिशवी. भालकीत काळा गूळ घेतला, ती दुकानदाराशी भावावरून वाद घालत होती आणि मी प्रार्थना करत होते की हा वाद कधी संपू नये. मेहकरच्या बसमध्ये ओळखीची दोन माणसं भेटली. त्यांनी मायला ‘बरं हाय का’ म्हणून विचारलं आणि पटकन बाहेर बघायला लागली. मायनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. बसच्या आवाजात मला वाटलं, हिला कळलंय. मलिद्याचा घास माझ्या घशात अडकला तेव्हाच कळलं असेल. पण तिनं विचारलं नाही आणि मी बोलले नाही, आणि आम्ही दोघी तशाच गावात उतरलो. मोहरमाच्या दहाव्याला गावात उतरलं की वेशीपासूनच हलगी ऐकू यायची. आज एका घरातून टीव्हीचा आवाज येत होता. कुणी एक जण मोटारसायकल धूत होता.

आशूरखान्याला कुलूप. पायरीवर मौलासाब बसलेला, पांढरी दाढी, डोक्याला रुमाल. मायला बघून तो धडपडत उठला. ‘सोजराभाबी,’ म्हणाला आणि थांबला. माय कुलपाकडं बघत होती. ‘कुलूप मैइच लगाया भाबी. पोट्टे बोले, नक्को अब्बा. मेरेकू बी समजता, उनों पढे सो लोगां हैं. पन ग्यानबा का ये पैला साल...’ तो हातानं दाढी पुसत राहिला. मला वाटलं, आता माय काहीतरी बोलेल, मौलासाबला, मला, गावाला. तिला हक्क होता. ती म्हणाली, ‘बस खाली मौलासाब. उनात कामून उभा हायस?’ मग, ‘ऊद हाय का थोडा?’ मौलासाबनं कनवटीची पुडी काढली आणि सगळीच तिच्या हातात ठेवली. आम्ही घराकडं निघालो तेव्हा मागून त्याचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

घरी माउली नव्हता. भावजय म्हणाली, सकाळपासून शेतातच आहेत, जेवायलाही आले नाहीत. मायनं अंगण झाडलं. मी झाडते म्हटलं तर झाडणी दिली नाही. सडा घातला, मलिदा कुस्करला, खापरीत निखारे घालून त्यावर ऊद टाकला. तो वास आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, धुरानं म्हणा. मग तिनं पिशवीतून तांब्या काढला, साडीचा तुकडा सोडला, रांजणातलं पाणी भरलं, आणि तांब्या दोन्ही हातांत धरून उंबऱ्याच्या आत बसली. दर वर्षी बसायची तिथंच. मी शेजारी बसले. आता तरी सांगायला हवं होतं म्हणून मी म्हटलं, ‘माय, सवारी नाही गं यंदा. मला माहीत होतं. माउलीनं कळवलं होतं.’

‘म्हाईत हाय,’ ती म्हणाली.

‘मग कशाला बसलीस?’

‘मग काय करू? आजच्या दिसाला बसायचंच असतंय.’

दुपार कलली. गल्लीतून माणसं जात होती आणि आमच्या दाराशी आली की पाय उचलून चालत होती. कुणी मान खाली घालून, कुणी उगाच फोन कानाला लावून. समोरच्या दारात ईरम्मा येऊन बसली होती, आता पार वाकलेली, तिनंही जवळ तांब्या ठेवला होता. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडं बघत नव्हत्या. मला माझ्या शिकल्याचा काही उपयोग करता येईल का हे मी शोधत होते. बाहेर जावं, चार जणांना गोळा करावं, सांगावं की बाबांनो, धर्म राहू द्या बाजूला, एका बाईला रडायचं आहे. वर्गात मी हे किती सुंदर बोलले असते. उठलेसुद्धा मी, अंगणापर्यंत गेले, आणि कुणाला हाक मारावी हे सुचेना. पारावर पोरं बसली होती, माझ्याच ओळखीची, त्यांनी ‘कधी आलाव अक्का’ म्हणून विचारलं, मी ‘आत्ताच’ म्हटलं आणि परत आले. ऊद विझला होता. मायनं खापरीत फुंकर घातली, राख तेवढी उडाली. तांब्या तिनं खाली ठेवला नव्हता. पाणी थोडं थोडं सांडून लुगड्यावर डाग पडला होता. मी म्हटलं, ‘दे माझ्याकडं थोडा वेळ.’ तिनं मान हलवली. तो तांब्या ती थंडीपासून धरून बसली आहे हे मला तेव्हा समजलं.

उन्हं उतरल्यावर गल्लीच्या टोकाशी माउली दिसला. डोक्यावर वैरणीचा मोठा भारा, हिरवा, तोंडावर पाती लोंबलेली, त्यामुळे त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं. पायांना चिखल. तो आपला रोजच्यासारखा आला, अंगणात पाऊल टाकलं आणि त्याला उदाचा वास आला असावा. तो थांबला. भाऱ्याखालून त्यानं बघितलं. उंबऱ्यात माय, हातात तांब्या. मला वाटलं, आता हा वळेल, गोठ्याकडं जाईल, तिकडूनच वाट होती. माय उठली. किती वेळ बसलेली, तिचे गुडघे वाजले. उंबरा ओलांडून ती खाली उतरली आणि तिनं माउलीच्या चिखलाच्या पायांवर पाणी घालायला सुरुवात केली. आधी एका पायावर, मग दुसऱ्या. सावकाश, तांब्या आडवा करत. चिखल निघून त्याची नखं दिसायला लागली. गल्लीत जाणारा कुणीतरी थांबला, मग आणखी कुणी. समोरून ईरम्मा काठी टेकत उठली.

माउली हलला नाही. भारा धरलेले त्याचे दोन्ही हात वर होते आणि त्याच्या मनगटाच्या शिरा दिसत होत्या. पाणी संपलं. मायनं तांब्या उलटा करून शेवटचा थेंबही घातला आणि ती बाजूला झाली, दारातून सरकून उभी राहिली, जशी दर वर्षी उभी राहायची. उंबरा मोकळा झाला. आणि माझा भाऊ वाकायला लागला. डोक्यावर तेवढा भारा घेऊन, हळूहळू, गुडघे थरथरत होते, मान आखडली होती, पातीची टोकं अंगणाला लागली, मग पायरीला, मग उंबऱ्याला. त्याला तोल सांभाळवेना. मी भारा उतरवून घ्यायला धावले.

‘धरू नको अक्का,’ तो खालूनच म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. ‘लई जड झालाय.’

मायच्या हातून तांब्या पडला. तो फरशीवर वाजत गडगडत गेला, आणि त्याच्या मागोमाग तिचा आवाज निघाला, ‘आवो...’ म्हणून, आप्पांना हाक मारावी तसा, आणि मग ती रडली.